बीकर, गरम पाणी आणि ‘स्पष्टवक्ता’

‘स्पष्टवक्ता’ महोदय,

धातूंच्या ऑक्साईडच्या नॅनो फिल्म, म्हणजे काचेवरचे अतिशय पातळ थर, कशा बनवतात आणि त्या सोलर सेलमध्ये व गॅस सेन्सरमध्ये काय काम करतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी ती इथे देतो: “लेख सोपा आहे पण वरवरचा. बीकरमध्ये गरम पाण्यात काच बुडवून ठेवली की विज्ञान होत नाही. दमट हवेत हे सेन्सर काय करतात, एलपीजी आणि दारूच्या वाफेत फरक कसा करतात, यावर अवाक्षर नाही. नखाएवढ्या सेलची कार्यक्षमता सांगता, तो किती महिने टिकला ते सांगत नाही. आणि फिल्मची जाडी १० नॅनोमीटर? लेखकानं प्रयोगशाळा आतून पाहिली आहे का, अशी शंका येते.”

चूक असेल तिथे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. टायटॅनियम डायऑक्साईडच्या त्या फिल्मची जाडी १० मायक्रॉन हवी होती, नॅनोमीटर नव्हे. टंकनदोष. हजारपटीचा फरक पडतो हे खरं, पण ज्याला विषय कळतो त्याच्या तो लगेच लक्षात येतो. तुमच्या आलाच की.

आता त्या बीकरच्या वाक्याकडे वळतो. ते तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला जरा जास्त जागा लागेल.

गरम पाण्यात काच बुडवून ठेवायची, एवढंच असतं तर प्रत्येक घरात चहाच्या पातेल्यात फिल्म बसल्या असत्या. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिनचं द्रावण ९० अंशांवर ठेवलं की हेक्झामिन हळूहळू फुटतं, अमोनिया सुटतो, द्रावण थोडं थोडं अल्कधर्मी होत जातं. हे ‘हळूहळू’ महत्त्वाचं. घाई झाली की सगळं झिंक ऑक्साईड पावडर होऊन बीकरच्या तळाशी बसतं आणि काच कोरीच्या कोरी बाहेर येते. काचेवर आधी बियाणं पेरावं लागतं: झिंक ॲसिटेटच्या द्रावणाचे थेंब, मग भट्टी, मग त्या बारीक कणांवर झिंक ऑक्साईडच्या षटकोनी काड्या उभ्या वाढतात. काच बाथमध्ये, म्हणजे त्या गरम द्रावणात, तोंड खाली करून ठेवायची, नाहीतर वरून पडणारी पावडर तिच्यावर साचते आणि पोराला वाटतं फिल्म बसली. पाण्याखाली धरली की सगळी वाहून जाते. हे पुस्तकात नसतं, महोदय. हे हात पोळल्यावर कळतं.

प्रयोगशाळा आतून पाहिली का, असं विचारलंत. कोल्हापुरात साडेपाच वर्षं पाहिली. त्या काळी भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला आवर्तसारणीपेक्षा जास्त पाठ होतं. एकदा बाथ चौथ्या तासाला असताना वीज गेली. मी बीकर टॉवेलमध्ये गुंडाळून वसतिगृहात नेलं आणि रॉकेलच्या स्टोव्हवर, मध्ये पाण्याचं पातेलं ठेवून, थर्मामीटर हातात धरून उरलेला वेळ काढला. सकाळी जी फिल्म निघाली ती बोटानं घासली तरी सुटेना. सेमचे (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो यायला दोन महिने लागले, पण त्यात काड्या कशा एकीला एक लागून उभ्या होत्या! माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं चित्र तेच. तशी फिल्म नंतर पुन्हा कधी बसली नाही, हा भाग वेगळा.

पुढे एका मोठ्या संस्थेत मुलाखतीला गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मशीन कोणतं वापरलंत?” मी बीकर म्हणालो. ते हसले. तुमचं वाक्य वाचताना मला ते हसणं आठवलं, म्हणून हे उत्तर लांबलं असेल तर असो.

आणि बीकरची एवढी लाज कुणाला वाटते? ओ’रीगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधून ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जो रंगद्रव्याचा सोलर सेल मांडला, त्याची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या वर होती. टायटॅनियम डायऑक्साईड स्वतः फक्त अतिनील किरणं शोषतं, म्हणून त्याच्या बारीक कणांवर रंग चढवायचा. कण बारीक म्हणून एकूण पृष्ठभाग प्रचंड, आणि म्हणून रंगही भरपूर मावतो. हा लेप आजही कित्येक प्रयोगशाळांत कसा देतात? काचेच्या दोन कडांना चिकटपट्टी लावतात, मध्ये पेस्ट टाकतात, काचेच्या दांडीनं ओढतात आणि ४५० अंशांवर भाजतात. झालं. यालाही तुम्ही विज्ञान म्हणणार नसाल तर ते स्वित्झर्लंडला कळवा, मला कशाला?

सेन्सरचंही तेच. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साईडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९६२ मध्ये. तापलेल्या ऑक्साईडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. गळका गॅस आला की तो ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध खाली येतो. टिन ऑक्साईडचा कण ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की संवेदनशीलता एकदम वर चढते, हे यामाझोए यांनी १९९१ मध्येच दाखवलं. कणाच्या आकारावर ताबा हवा असतो, आणि तो आम्ही बीकरमध्येच मिळवत होतो, द्रावणाचा पीएच आणि तापमान सांभाळून.

राहिली तुमची बाकीची यादी. दमट हवेबद्दल मला माहीत नाही असं समजू नका. आम्ही जून ते सप्टेंबर सेन्सरचं रीडिंग घेतच नव्हतो. एलपीजी आणि दारूचं म्हणाल तर सेन्सर म्हणजे पोलिसांचा कुत्रा नव्हे, दोन्ही वाफा पेट घेणाऱ्याच. पॅलॅडियम वगैरे घालून फरक पाडता येतो, पण सातशे शब्दांच्या लेखात सगळा अभ्यासक्रम कोंबायचा का? नखाएवढ्या सेलचं म्हणाल, तर सगळेच तेवढा घेतात. वाहक काच महाग असते. किती महिने टिकला हा प्रश्न चांगला आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

लेख वरवरचा वाटला हे मला लागलं नाही. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांनी तो आवडल्याचं फोन करून सांगितलं, आणि त्यातला एक आज स्वतः फिल्मवरच काम करतो.

जाडीची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. तिच्याखाली चूक दाखवणाऱ्याचं नाव द्यायची माझी पद्धत आहे. पण तिथे ‘स्पष्टवक्ता’ काय लिहू? खरं नाव कळवलंत तर घालतो.