‘मी लिहिलेलं विसरा’ असं कार्डोसो म्हणाले कधी?

भाचीने एम.ए.ला समाजशास्त्र घ्यायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी भावोजींनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. मजकूर असा: ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ फर्नांदो एन्रिके कार्डोसो वर्गातून थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत गेले, गेल्या गेल्या म्हणाले ‘मी लिहिलेलं सगळं विसरा’, आणि एका रात्रीत नोटा बदलून महागाई संपवली. म्हणजे समाजशास्त्र कुचकामी!

आधी ते ‘थेट’ बघू. १९६४ला लष्कराने सत्ता घेतली, कार्डोसो चिलीला गेले. परतले, तर १९६९मध्ये विद्यापीठातून सक्तीने निवृत्त केलं. म्हणजे वर्ग त्यांनी सोडला नाही, त्यांच्याकडून काढून घेतला. १९७८ला सिनेटची निवडणूक लढवली, दुसरे आले. १९८५ला साओ पाउलोचं महापौरपद हरले, तेही मतदानाआधीच महापौरांच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतल्यावर. जिंकलेल्या जानियो क्वाद्रोस यांनी त्या खुर्चीवर कॅमेऱ्यांसमोर जंतुनाशक फवारलं! राष्ट्राध्यक्ष झाले ते १९९५मध्ये. पहिल्या निवडणुकीपासून सतरा वर्षांचं हे थेट.

आता ते वाक्य. कार्डोसोंनी ते कायम नाकारलंय, आणि आजवर कोणी ठोस पुरावा पुढे केलेला नाही. शिवाय विसरायचं काय होतं? एन्सो फालेत्तोंबरोबर लिहिलेलं, १९६९चं परावलंबन आणि विकासावरचं पुस्तक उघडून बघा. परावलंबी, म्हणजे श्रीमंत देशांच्या भांडवलावर विसंबलेल्या, देशाचा विकास होणारच नाही, असं त्यात म्हटलेलंच नाही. उलट, परकीय भांडवलाच्या जोडीने वाढ होऊ शकते. ती कशी होते आणि कोणाच्या पदरात पडते हे देशातल्या वर्गांवर आणि राजकारणावर ठरतं, असं मांडलंय. पुढे त्यांनी सरकारी कंपन्या विकल्या. ते पटो न पटो, पण त्यासाठी हे पुस्तक जाळावं लागत नव्हतं.

नोटांची गोष्ट तर धड वाचलेलीही दिसत नाही. तेव्हा ब्राझीलमध्ये महागाई अशी की दुकानातला नोकर लेबलांचं यंत्र घेऊन फळ्यांवर नव्या किमती चिकटवत फिरायचा आणि गिऱ्हाईक त्याच्या पुढे पळायचं. किमती गोठवून बघितल्या होत्या, जमलं नव्हतं. १ मार्च १९९४पासून ‘उर्व’ नावाचं निव्वळ हिशेबाचं एकक आलं. पगार, करार, भाव त्यात मोजायचे, पैसे मात्र जुन्याच चलनात द्यायचे. दर रोज जाहीर व्हायचा. लोकांना स्थिर आकड्याची सवय लागली आणि १ जुलैला तेच एकक ‘रेआल’ हे नवं चलन झालं. एक रेआल म्हणजे जुन्या चलनातले २,७५० क्रुझेरो रेआल. रात्र चार महिन्यांची होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष इतामार फ्रांको होते. कार्डोसो अर्थमंत्री होते, आणि तेही मार्चअखेर निवडणुकीसाठी बाहेर पडले.

कल्पना अर्थतज्ज्ञांची होती, हे खरं. पेर्सियो आरिदा, आंद्रे लारा रेझेन्दे वगैरे. पण ती माणसं गोळा करून, संसदेशी घासाघीस करून ती पार पाडली कार्डोसोंनी.

टीकाच करायची तर ही घ्या, भावोजी: १९९७मध्ये सत्तेत असतानाच पुन्हा उभं राहता येईल अशी घटनादुरुस्ती झाली, आणि पहिला फायदा त्यांनाच मिळाला. १९९८ला जिंकले, आणि जानेवारी १९९९मध्ये रेआल कोसळला.