आईचं नाव टाका

आमच्या घरात सईचं दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा ह्यांनी पहिलं काम काय केलं तर टीव्हीचं रिचार्ज थांबवलं आणि दुसरं म्हणजे पहाटे साडेपाचचा गजर लावला. त्या गजराने सई सोडून सगळं घर उठायचं. सासूबाई उठायच्या, मी उठायचे, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं कुत्रं उठायचं, हे मात्र गजर बंद करून कूस बदलायचे आणि सात वाजता उठून सईला म्हणायचे, आमच्या वेळी आम्ही चारला उठत होतो. वर्षभर हेच. सईच्या अभ्यासावर ज्याला त्याला मत होतं. ह्यांचं गणितावर, सासूबाईंचं मोबाईलवर, माझ्या नणंदेचं क्लास बदलण्यावर, इस्त्रीवाल्याचं सुद्धा होतं, त्याचा पुतण्या 91 टक्क्यांनी पास झालेला. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्याकडे खातं बदामाचं. रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे, आणि ते सईने खिडकीतून कुत्र्याला टाकलेत हे माहीत नसल्यासारखं करायचं. त्या कुत्र्याची स्मरणशक्ती आज इतकी भारी झालीय की दोन वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलेल्या गॅसवाल्यावर ते अजून भुंकतं.

तर 13 मे 2025, मंगळवार, दुपारी एक वाजता निकाल. सकाळी अकरालाच बोर्डाने टक्केवारी जाहीर केली होती, राज्याचा 94.10. (टीव्ही निकालासाठी स्पेशल परत सुरू केला होता.) कोकण विभाग पहिला. कोकण दरवर्षी पहिलाच असतो त्यात बातमी काय आहे मला कळत नाही. पण आमचा कोल्हापूर विभाग दुसरा आला म्हटल्यावर ह्यांनी अशी टाळी वाजवली की सगळ्या कराड तालुक्याचे पेपर ह्यांनीच लिहिलेत. मग ती पट्टी आली की राज्यात 211 मुलांना 100 टक्के मिळाले आणि त्यातले निम्म्याच्या वर लातूर विभागातले. घरात एकदम शांतता. सासूबाई म्हणाल्या, "शंभर म्हंजे शंभरातले शंभर?" मी म्हटलं हो. "मग मास्तरांनी चुका तरी कशात काढायच्या?"

हे त्यात खेळाचे, चित्रकलेचे वाढीव मार्क मिळवलेले असतात म्हणून समजावत बसले, आणि समजावता समजावता त्यांना आठवलं की सईने चित्रकलेची इंटरमिजिएटची परीक्षा अर्ध्यात सोडली होती. ए ग्रेडला सात मार्क. "सात मार्क सोडले आपण, सात!" निकाल लागायच्या आधीच आमचे सात मार्क गेले.

एक वाजता हे लॅपटॉप घेऊन बसले. अंघोळ झालेली, कपाळाला अंगारा, शर्ट इस्त्रीचा, म्हणजे बोर्डाने तिकडून बघितलं तर. साइट उघडली. साइटला फक्त दोनच गोष्टी हव्या असतात. एक बैठक क्रमांक आणि दुसरं आईचं नाव.

मी हे वाचलं आणि मला जरा बरं वाटलं खरं सांगते. वर्षभर गजर ह्यांचा, क्लास नणंदेच्या ओळखीचा, नवस सासूबाईंचा आणि शेवटी दाराला कुलूप कुणाच्या नावाचं तर माझ्या. मी ओट्यावरून हात पुसत आले, खुर्ची ओढून बसले. माझाच सत्कार असल्यासारखी.

"नंबर सांग," हे म्हणाले.

हॉलतिकीट देवघरात. परीक्षा संपल्यापासून ते दत्ताच्या फोटोपुढे होतं आणि सासूबाई रोज देवाबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहत होत्या. दोन महिने. ते हॉलतिकीट आता साधारण खंडोबाच्या तळीसारखं दिसत होतं. सुरुवातीचं अक्षर दिसत होतं, पुढचे पाच आकडे लागत होते, शेवटच्या आकड्यावर मात्र बरोब्बर कुंकवाचं बोट. तीन आहे का आठ आहे? ह्यांनी फुंकर मारली, मी पदराने पुसलं, तर होता नव्हता तो आकडा पण पुसला. खाली आईचं नाव छापलेलं असतं, तिथे तर अख्खी हळद सांडून वर तेलाचा डाग.

"बरं, नाव तर माहितीये ना," हे म्हणाले आणि टाइप करायला गेले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतकं निरखून पहिल्यांदाच बघत होतो.

त्याचं असं आहे की माझी नावं दोन आहेत. माहेरची मी सुवर्णा. लग्नात नाव बदलायची ह्यांच्याकडे पद्धत, तर ताटात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि भटजी म्हणाले लिहा. ह्यांनी 'स्ने' एवढा मोठा काढला की 'हल'ला जागाच उरली नाही, ह ताटाच्या काठाला चिकटला आणि ल सतरंजीवर गेला. तेव्हापासून मी स्नेहल. पण कुठली स्नेहल? सासरच्या लोकांपुरती, लग्नपत्रिकांवर आणि हळदीकुंकवाच्या बोलावण्यात. आधारवर सुवर्णा, पॅनवर सुवर्णा, बँकेत सुवर्णा. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, तिथेही सुवर्णाच, आणि वर गंमत अशी की दिवसभर मी लोकांचे केवायसीचे फॉर्म 'नावात तफावत' म्हणून परत पाठवते. मागच्याच महिन्यात एका आजोबांना एका वेलांटीसाठी दोन हेलपाटे घालायला लावले. आजोबा, आज तुम्ही असायला हवे होता, तुमच्या पोटात थंड पडलं असतं.

प्रश्न एवढाच की सईच्या शाळेचा फॉर्म भरला कोणी. ह्यांचं म्हणणं मी. माझं म्हणणं ह्यांनी. जन्मदाखला माझ्या भावाने केलेला, बाळंतपण माहेरी, म्हणजे त्यावर सुवर्णा असणार. शाळेत दाखला बघून लिहिलं असेल तर सुवर्णा, ह्यांना विचारून लिहिलं असेल तर स्नेहल. आणि ह्यांना विचारून लिहिलं असेल तर 'अगं' पण असू शकतं, कारण हे मला त्याच नावाने हाक मारतात.

मी कॅशियर, मी लगेच हिशोब मांडला. शेवटचा आकडा दोन प्रकारचा. नाव स्नेहल, किंवा सुवर्णा व्हीने, किंवा सुवर्णा डब्ल्यूने. एकूण सहा वेळा टाकून बघायचं, त्यात काय. पण एक वाजून पाच मिनिटं झालेली, अख्खा महाराष्ट्र त्या वेळी आईचं नाव टाकत होता, आणि आमचं वायफाय म्हणजे भिंतीआड गेलं की सुतक पाळतं. एकेका प्रयत्नाला ते चाक गोल गोल फिरायचं. व्हीने टाकलं, नाही. डब्ल्यूने टाकलं, नाही. तेवढ्यात ह्यांच्या मित्राचा फोन, डिजिलॉकरवरून बघा म्हणून. ते उघडलं तर ओटीपी मागायला लागलं आणि ओटीपी गेला कुठे तर सासऱ्यांच्या जुन्या नंबरावर. सासरे जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा तो फोन सासूबाईंनी कपाटात साडीच्या घडीत ठेवलाय. सासूबाईंचे डोळे भरून आले. निकाल राहिला बाजूला, पाच मिनिटं आम्ही सासऱ्यांच्या आठवणी काढल्या.

तेवढ्यात सई आली. नुकतीच उठलेली, हातात कालच्या उपीटाची वाटी.

"काय चाललंय?"

"तुझा निकाल लागत नाहीये," हे ओरडले.

"लागला की. 84.60." आणि उपीटाचा घास.

आम्ही तिघं तिच्याकडे बघतच राहिलो. म्हणाली फोनमध्ये हॉलतिकिटाचा फोटो होता, आत पडल्या पडल्या बघितला. मग सांगितलं का नाही? "तुम्ही मला विचारलंच नाही. मला वाटलं तुम्ही तुमचं काहीतरी बघताय."

आता निकाल कळला होता ना, तरी ह्यांचं समाधान नाही. आपण स्वतः उघडून बघायचा. मग सईने सांगितलं, शेवटी आठ आणि आईचं नाव स्नेहल. टाकलं, उघडलं. मराठी 82, संस्कृत 93, इंग्लिश 79, विज्ञान 81, सामाजिक शास्त्रं 88. आणि गणित 64. बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणजे सहातले चांगले पाच विषय धरतात, त्यामुळे गणित आपोआप बाहेर गेलं आणि 423 झाले. ज्या गणितासाठी गजर लावला, क्लास लावला, टीव्ही बंद केला, तेच तेवढं मोजणीत नाही. संस्कृतला कोणीच काही केलं नव्हतं. ती ते एकटीच खोलीत म्हणत बसायची आणि आम्हाला वाटायचं फोनवर बोलतेय.

ह्यांचा चेहरा दोन मिनिटं पडला, मग सात मार्कांचा विषय परत निघाला (430 झाले असते, 86 टक्के), मग सासूबाईंनी दटावलं, "अरे पोरगी पास झाली, साखर तरी ठेव देवापुढे," तेव्हा कुठे हे कंदी पेढे आणायला गेले. दुकानात ही रांग. रांगेत प्रत्येकजण पुढच्याला किती पडले विचारतो आणि त्यावरून अर्धा किलो का पाव किलो ठरवतो. हे एक किलो घेऊन आले. मी काही बोलले नाही. मला आवडलं ते.

त्यानंतरचे आठ दिवस फोनचे. "किती?" म्हणून विचारायचं आणि 84 म्हटल्यावर "अरे वा!" आणि मग छोटीशी गॅप, त्या गॅपमध्ये सगळं आलं. पुढचा प्रश्न ठरलेला, सायन्स ना? नणंद म्हणाली इंटिग्रेटेडला घाला, म्हणजे कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्रच, दोन वर्षांची फी सांगितली, त्यात आमची स्कूटर, फ्रिज आणि गॅलरीचं ग्रिल एवढं सगळं येऊन वर उरलं असतं. चुलतसासरे म्हणाले डिप्लोमा करा, तीन वर्षं की डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला. कोणी म्हणालं बायफोकल कॉम्प्युटर घ्या, म्हणजे सायन्सलाच जोडून एक व्यवसायाचा विषय. इस्त्रीवाला म्हणाला पुतण्या सायन्सला जाऊन पस्तावलाय, पण हे इस्त्रीवाल्याचं ऐकत नाहीत.

माझ्या वेळी हे सोपं होतं. 1999 ला मी दहावी झाले, शाळेत रांग लावून मार्कलिस्ट घेतली, वडिलांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले आर्ट्स, मग बारावी, मग डी.एड. एका वाक्यात चार वर्षं संपली. डी.एड. झालं, नोकरी लागली नाही, आता पैसे मोजते. असो.

सई म्हणाली, "मला आर्ट्सला जायचंय. मानसशास्त्र."

ह्यांनी असं बघितलं की ती हिमालयात निघालीय. सासूबाई म्हणाल्या, "घे बाई, ह्या घरात उपयोग होईल."

आधी कराडात कॉलेजात जायचं, फॉर्म आणायचा, बोर्डावर लिस्ट लागली की गर्दीत टाचा उंचावून नाव शोधायचं. 2025 पासून अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन केली. फॉर्म 26 मे ला सुरू झाले. शंभर रुपये फी, दोन भाग, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं क्रमाने टाकायची, आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर घ्यायचंच, नाही घेतलं तर नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. हे ह्यांना मी तीन वेळा वाचून दाखवलं. तरी ह्यांच्या मनात पहिल्या नंबरला पुण्यातलं सायन्स, "बघू तरी लागतंय का." अहो, लागलं म्हणजे? "लागलं तर बघू." कोथरूडला ह्यांचे एक आतेभाऊ आहेत, त्यांच्याकडे सई राहील असं ह्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, आतेभावाला माहीत नाही, सईला माहीत नाही, दोघांची शेवटची भेट सईच्या बारशाला.

तर रविवारी रात्री, सई आत झोपल्यावर, हे हळूच लॅपटॉप घेऊन बसले. क्रम जरा वरखाली करू म्हणून. मी दूध तापवत होते, मला दिसत होतं. लॉगइनचा पासवर्ड सईने ठेवलेला. ह्यांनी तिचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, कुत्र्याचं नाव टाकलं. मग मला म्हणाले, "स्नेहल, तुला माहितीये का गं?" काम असलं की नाव आठवतं.

माहीत होतं. सईने मला सांगितलं होतं, बाबांना कळणार नाही असं ठेवलंय. मी म्हटलं, "माझं माहेरचं नाव आणि पुढे दोन हजार पंचवीस."

ह्यांना एकदम हुरूप आला. टकटक टकटक. चुकीचा पासवर्ड. परत. चुकीचा. मी मागून वाकून बघितलं, डब्ल्यूने लिहीत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पण डब्ल्यूनेच, फक्त जरा जोरात. दूध वर आलं म्हणून मी गॅस बंद केला, साय धरायला झाकण तिरकं ठेवलं आणि सईच्या खोलीचा दिवा चालू राहिला होता तो घालवायला गेले.

"बरोबर तर लिहिलंय," मागून आवाज आला, "तू नक्की सुवर्णाच आहेस ना?"