सुट्टीची सूचना मे महिन्यात नको, जानेवारीत द्या

१ मेला झेंडावंदन झालं की हायस्कूलच्या वर्गावर्गात प्रगतीपत्रकं वाटली जातात आणि त्याच सुमाराला शाळेची वर्षअखेरची सूचना येते. कुठे छापील कागद, कुठे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. माझ्या दोन्ही मुलांच्या शाळेच्या आणि माझ्या केंद्रात झेरॉक्सला आलेल्या इतर शाळांच्या अशा कितीतरी सूचना मी वाचल्या आहेत. शाळा कधी उघडणार, गणवेश कुठे मिळणार, वह्या किती लागणार, कोणाची फी राहिली आहे, आणि नववीतून दहावीत गेलेल्यांची व्हॅकेशन बॅच कधीपासून. हे सगळं लागतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला या सुट्टीत कुठे जाता येईल, कशासाठी अर्ज करता येईल, त्याला कोणते कागद लागतील, याची एक ओळ त्यात नसते. आणि एखाद्या उत्साही सरांनी ती घातलीच, तरी मे महिन्यात तिचा काही उपयोग नसतो.

माझं तहसील कचेरीजवळ महा ई-सेवा केंद्र आहे, सरकारी दाखले आणि ऑनलाइन अर्ज यांचं काम तिथे होतं. मे ते जुलै या तीन महिन्यांत आमच्याकडे जी रांग लागते, ती बघूनच हे लिहितेय.

एक उदाहरण घ्या. इस्रोचा 'युविका' नावाचा कार्यक्रम आहे, २०१९ पासून चालू झालेला. नववीतल्या मुलांना मे महिन्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात नेतात. तिरुअनंतपुरम, श्रीहरिकोटा, बंगळुरू, अहमदाबाद अशा ठिकाणी राहायचं, शास्त्रज्ञांशी बोलायचं, प्रयोगशाळा बघायच्या, स्वतःच्या हाताने करायचं. रेल्वेचं भाडं, राहणं, जेवण, सगळा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीच्या गुणांना निम्मं वजन आहे. ऑनलाइन प्रश्नमंजूषा आहे, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट-गाइड, एनसीसी यांनाही गुण आहेत. आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला १५ टक्के वेगळे मिळतात. म्हणजे हा कार्यक्रम आखणाऱ्यांनी खेड्यातल्या मुलाचा मुद्दाम विचार केलाय. पण नोंदणी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०२५ साली २३ मार्चला ती बंद झाली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या शाळा दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या धावपळीत असतात आणि नववीच्या पोरांकडे बघायला कोणाला उसंत नसते. जे १५ टक्के खेड्यातल्या मुलासाठी ठेवलेत, त्यांची खबरच खेड्यात पोचत नाही. शहरातल्या शाळेत मात्र विज्ञानाच्या बाईंनी ती लिंक ग्रुपवर केव्हाच टाकलेली असते, आणि ज्या घरात आईवडील दोघंही शिकलेले आहेत तिथे फॉर्म त्याच रात्री भरला जातो.

छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था घ्या. १९७७ पासून राज्य सरकार ती चालवतं. दहावी झालेल्या मुलांना अकरावी-बारावीच्या काळात तिथे ठेवून एनडीएची, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ साली सुरू झाली. आमच्याकडे पहाटे पाच वाजता रस्त्यावर पळणाऱ्या पोरींना विचारा, नाशिकच्या या संस्थेचं नाव किती जणींनी ऐकलंय. प्रवेश परीक्षा साधारण एप्रिलमध्ये होते, अर्ज त्याच्याही आधी. दहावीचा निकाल हातात घेऊन मे महिन्यात माझ्या खिडकीशी येणाऱ्या मुलीला मी काय सांगू? तिच्यासाठी ते दार त्या वर्षापुरतं नाही, कायमचंच मिटलेलं असतं. कारण पुढच्या वर्षी ती अकरावीत असणार.

पुण्या-मुंबईच्या मुलांना जवळच बरंच काही आहे, आणि ते चांगलंच आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा शाळकरी मुलांसाठीचा उन्हाळी उपक्रम वर्षानुवर्षं चालत आलाय. शाळेमार्फत मुलं जातात, आठवडाभर एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली एखादा छोटा प्रकल्प करतात, ठरलेला अभ्यासक्रम नसतो, ग्रंथालय मोकळं असतं. भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणिताची गोडी असलेल्या मुलांना खरे गणिती शिकवतात. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सुट्टीतल्या कार्यशाळा असतात. आमच्या तालुक्यात यातलं काही नाही, आणि उद्या होईल असंही मी म्हणत नाही. पण आमच्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे, बालविभागासकट. मे महिन्यात ते सकाळी उघडं असतं आणि पोरं तिथे फिरकत नाहीत, कारण शाळेने कधी सांगितलंच नाही. शाळेची प्रयोगशाळा कुलूप लावून पडलेली असते. आठवड्यातून दोन सकाळी ती उघडली आणि एक शिक्षक बसला, तर 'इन्स्पायर मानक' या शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेसाठी पोरांच्या डोक्यातल्या कल्पनांना आकार येईल. त्या योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात, नावं शाळेनेच पाठवायची असतात, एका शाळेला पाच पाठवता येतात आणि तीही शाळा उघडल्यावर. आमच्या बऱ्याच शाळा शेवटच्या तारखेला कुठल्या तरी पाच कल्पना गोळा करून पाठवतात. सुट्टीभर पोरांनी विचार केला असता तर त्या त्यांच्या स्वतःच्या असत्या.

आता व्हॅकेशन बॅचबद्दल बोलते. हे काही जणांना रुचणार नाही. नववीची परीक्षा संपली की आठवड्याभरात दहावीची बॅच सुरू, शाळेचीही आणि क्लासचीही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ती पोरं त्रिकोणमितीचा धडा करतात आणि जूनमध्ये शाळा उघडली की तोच धडा पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मुलाच्या वर्गात हेच झालं. यातून गुण वाढतात असं सांगतात. मला दिसतं ते असं, की पोरगं जूनमध्येच कंटाळलेलं असतं. चौदाव्या वर्षीची सुट्टी ही वाढीची सुट्टी असते. आजोळी जाणं, पोहायला शिकणं, विहिरीवर मोठ्यांच्या नजरेखाली उतरणं, दिवसभर चित्रं काढणं, बाजारात काकांच्या दुकानात हिशोब बघणं, हे सगळं त्या वयातच अंगात मुरतं. बॅच ठेवायचीच असेल तर ज्यांचं गणित किंवा इंग्रजी खरंच कच्चं आहे त्यांच्यापुरती, सकाळी दोन तास, तीन आठवडे ठेवा. सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

आणि ज्या पोरांना बॅचही परवडत नाही, शिबिरही परवडत नाही, त्यांचा उल्लेख तर कुठल्याच सूचनेत नसतो. ती लग्नसराईत वाढप्याचं काम करतात, मंडप बांधायला जातात, कोकणातल्या भावकीकडे जाऊन आंब्याच्या पेट्या भरतात, द्राक्षाच्या छाटणीला आईबरोबर जातात. त्यांना शाळेने काही सांगायचं असेल तर हे सांगावं: चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला बाहेर कामाला ठेवणं कायद्याने बंद आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर घेता येत नाही, म्हणजे खाणी, स्फोटकं, घातक रसायनं असल्या जागी. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा हा कायदा आहे. कामाचे पैसे रोजच्या रोज लिहून ठेवा, रात्री उशिराच्या लग्नातून एकट्याने सायकलवर परत येऊ नका, एवढं एका शिक्षकाने वर्गात मायेने सांगितलं तरी त्या पोराला वाटेल की आपली सुट्टीही सुट्टीच आहे आणि शाळेला ती ठाऊक आहे. मे महिन्यात मेहनत करून जूनमध्ये स्वतःच्या पैशाने दप्तर घेणारी मुलं माझ्या केंद्रात येतात. त्यांच्याइतका नेमका हिशोब मोठ्यांनाही जमत नाही.

आता माझ्या रोजच्या कामाची गोष्ट, कागदपत्रं. दहावीचा निकाल २०२५ मध्ये १३ मेला लागला, बारावीचा ५ मेला. निकाल लागला की अकरावी, डिप्लोमा, आयटीआय, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळं एकदम अंगावर येतं आणि तेव्हा सगळा तालुका दाखल्यांसाठी धावतो. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावचा जुना उतारा शोधायचा. तो कधीकधी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या जीवन शिक्षण मंदिराच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि मे महिन्यात त्या शाळेला कुलूप असतं! नॉन-क्रिमिलेअरच्या, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही अशा दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे घरात असलेला जुना दाखला बघून निर्धास्त राहिलेला बाप जूनमध्ये हताश होऊन बसतो. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. बँक खातं आधारला जोडलेलं नाही. ओटीपी ज्या नंबरवर जातो ते सिमकार्ड बापाने दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं. यातली एकही अडचण मुलाच्या हुशारीशी संबंधित नाही. पण यातल्या कुठल्याही एकीवर त्याचं अख्खं वर्ष अडकू शकतं.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ती दहावीच्या आधी, शाळेत असतानाच सुधारून घेणं सोपं जातं. बोर्डाचं प्रमाणपत्र एकदा तसं छापून आलं की पुढे फार हेलपाटे होतात. म्हणून माझं म्हणणं आहे की आठवी-नववीच्या वर्षअखेरच्या सूचनेत हीच पहिली ओळ असावी: घरी जाऊन आधार आणि शाळेतली नोंद शेजारी ठेवून वाचा.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालेत. आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती एवढ्यापुरतं होतं. आता आमच्या गावातलं पोरगं समोरच्या ज्युनिअर कॉलेजात जाणार असलं तरी त्याला पोर्टलवरूनच जावं लागतं. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात, पण पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, हे पालकांना कोणी समजावून सांगत नाही. मग भावाच्या मित्राने सांगितलं म्हणून पहिल्या क्रमांकावर तीस किलोमीटरवरचं कॉलेज टाकलं जातं आणि नंतर माझ्या खिडकीशी आई रडते. मार्चमध्ये, दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर, शाळेने फक्त एक तास घेऊन हे समजावलं तर हे रडणं टळेल.

आणि नापास झालेल्या मुलाला त्या सूचनेत जागा हवी. निकालाच्या दिवशी त्याच्या घरी फोन करणारं कोणी नसतं. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही खुले असतात. एवढी माहिती निकालाच्या आधी घरात असेल तर तो दिवस त्या घराला सोसवेल. दर वर्षी निकालाच्या सुमाराला पेपरात ज्या बातम्या येतात, त्या वाचून मला झोप लागत नाही.

पास झालेल्यांसाठीही बरंच असतं. विज्ञान शाखेला जाणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेकडून जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे. विज्ञानाला गेलेल्या राखीव प्रवर्गातल्या मुलाने जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घ्यायचा, अर्ज बारावीच्या सीईटीपर्यंत लांबवू नये, अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. हे मी रोज तोंडाने सांगते, पण माझ्यापर्यंत पोचतो तो निम्मा उशीर झालेला माणूस.

मुख्याध्यापक सरांना, बाईंना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर एका शिक्षकाला हे काम द्या आणि त्याचा एखादा ऑफ तास त्यासाठी मोकळा ठेवा. २६ जानेवारीला झेंड्याला पालक येतातच, अगदी मजुरीला जाणारी आईही पोराचं भाषण ऐकायला येते. त्या दिवशी एक पानाचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात हातात द्या आणि माइकवर वाचून दाखवा. व्हॉट्सअॅपवर अवलंबून राहू नका. कितीतरी घरांत एकच मोबाईल आहे आणि तो बापाबरोबर ट्रॅक्टरवर असतो. कागद मी फुकट झेरॉक्स करून देईन, माझ्या ओळखीच्या दोन केंद्रचालकांनीही होकार दिलाय.

आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही पुण्यात, बंगळुरूला, बाहेरच्या देशात असाल. सुट्टीला गावी येताना मे महिना निवडा. दहावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन शाळेत दोन दिवस बसा. फॉर्म तुम्ही भरू नका, पोराला भरू द्या, तुम्ही शेजारी बसून फक्त बघा की नंबर बरोबर पडलाय, फोटो चढलाय, पसंतीक्रम त्याने स्वतः विचार करून टाकलाय. या वर्षी निकाल कोणत्या दिवशी लागेल ते बोर्ड आधी जाहीर करेल. तारीख कळली की मी इथे टाकते. कोण कोण येणार ते मला आत्ताच कळवा, म्हणजे शाळेकडून खोली आणि नेटची सोय मागून ठेवता येईल.