करवंटी, मीठ आणि "फुकट" बॅटरी

सोडियम-आयन बॅटरीबद्दल (लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी बॅटरी) चार ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय, की "सोडियमचा आयन मोठा, ग्राफाइटमध्ये मावत नाही, म्हणून करवंटीचा कोळसा वापरतात, मीठ आणि करवंट्या कोकणात ढिगाने पडल्यात, म्हणजे बॅटरी जवळपास फुकटच!" अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त वैताग येतो.

आधी ते "मावत नाही". ग्राफाइट म्हणजे थराथरांचा कार्बन, लिथियम बॅटरीत ॲनोड (ऋण बाजू) त्याचाच असतो, चार्ज करताना आयन त्या थरांत शिरतात. लिथियमच्या आयनची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.०२, इथवर ठीक. पण पोटॅशियम तर १.३८, सगळ्यात धिप्पाड, आणि तो गडी ग्राफाइटच्या थरांत मस्त जाऊन बसतो, दर आठ कार्बनमागे एक. मग अडचण जागेची कशी? खरं म्हणजे सोडियमचं आणि कार्बनचं फारसं जमतच नाही, थर फाकवायला जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी त्यांच्या बंधातून वसूल होत नाही. आणि गंमत बघा, डायग्लाइम नावाचं सॉल्व्हंट घेतलं तर सोडियम त्या सॉल्व्हंटला बरोबर घेऊन त्याच ग्राफाइटमध्ये शिरतो, म्हणजे आणखी जाडजूड होऊन! क्षमता कमीच मिळते ती गोष्ट वेगळी.

आता कोळसा. शेगडीतला नाही हो चालत. लागतो तो हार्ड कार्बन, आर्गॉन नाहीतर नायट्रोजनमध्ये साधारण १००० ते १५०० अंशांवर भाजलेला, त्यात थर पत्ते उधळल्यासारखे वेडेवाकडे पडलेले असतात आणि मधल्या बारीक पोकळ्यांत सोडियम साठतो. शिवाय करवंटीच पाहिजे असंही नाही, २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी ग्लुकोजपासून केला होता आणि ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तास मिळवले होते, चीनची हायना ही बॅटरी कंपनी तर अँथ्रासाइट म्हणजे खाणीतला दगडी कोळसा वापरते.

राहिलं फुकट. दहा ग्रॅम करवंटीची पूड भट्टीत घातली की बाहेर येते अडीच-तीन ग्रॅम, बाकीचं धूर आणि डांबर होऊन जातं, वर राख काढायला ॲसिडने धुवा, आणि तेवढा वेळ भट्टीचं वीजबिल चालूच. एवढं करूनही पहिल्याच चार्जला घातलेल्या सोडियमपैकी दहा-वीस टक्के परत येत नाही, आणि ही भरपाई कॅथोडच्या खिशातून, म्हणजे जिथून सोडियम येतो त्या धन बाजूकडून. स्वस्ताई आहे, नाही असं नाही, पण ती भलतीकडेच आहे, सोडियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही म्हणून ॲनोडखाली तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते. तिचं मेसेजमध्ये नावही नाही.