अद्ययावत राहू इच्छिणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

वेब डेव्हलपर किंवा डिझायनर म्हणून आपण या क्षेत्रात उतरला असाल, तर हातातले साधन जुने होण्याआधी ते बदलणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. त्या साधनाने एखादे संकेतस्थळ बांधून पूर्ण करणे हे फार तर दुसरे. कित्येक होतकरू मंडळी या क्रमात गफलत करतात. ती आधी काम संपवतात, ग्राहकाला ते आवडते, लोक ते वापरू लागतात, आणि मग पाच-सहा वर्षे त्या संकेतस्थळाला हात लावण्याचे निमित्तच उरत नाही. अशा माणसाने मुलाखतीला जाऊन सांगायचे तरी काय?

तेव्हा सुरुवात फ्रेमवर्कच्या, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर उभारायचे त्या तयार सांगाड्याच्या, निवडीपासून करावी. ते आपल्या कामाला योग्य आहे का, या प्रश्नात वेळ न दवडता ते किती नवे आहे एवढेच पाहावे. २०१० साली आलेल्या गूगलच्या अँग्युलरजेएसवर ज्यांनी भिस्त ठेवली, त्यांना सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ मिळाले. ते नावाखेरीज जवळजवळ सर्व बाबतींत वेगळे होते आणि जुना कोड त्यात जसाच्या तसा चालण्याची सोय नव्हती. पुढच्या मार्चमध्ये तर थेट चौथी आवृत्ती अवतरली, कारण राउटर नावाचा त्यातला एक भाग आधीच तिसऱ्या आकड्यावर जाऊन बसला होता आणि सर्व भागांचे आकडे जुळवून घेणे अगत्याचे होते. मूळ अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. रिअ‍ॅक्ट या दुसऱ्या लोकप्रिय साधनाच्या भक्तांनीही निश्चिंत राहू नये. त्यात 'क्लास' पद्धतीने लिहायला शिकलेल्यांना २०१९ मध्ये 'हुक्स' नावाची नवी पद्धत शिकावी लागली, आणि ज्या 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'ने नवशिक्यांनी वर्षानुवर्षे श्रीगणेशा केला, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले. २००६ सालच्या जेक्वेरी या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संग्रहावर, आजही जगातली बहुसंख्य संकेतस्थळे विनातक्रार चालतात, पण चारचौघांत त्याचे नाव घेऊ नये.

पॅकेजांच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या, बाबतीत हात आखडता घेणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होय. जे काम दहा ओळींत आपले आपल्याला लिहिता येते, त्यासाठी आवर्जून एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरून दुसऱ्याचे पॅकेज आणावे. त्याला लागणारी पॅकेजे, आणि त्या पॅकेजांना लागणारी आणखी पॅकेजे, न बोलावता येतातच. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने, स्वतःच्याच दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर, रागाने काढून घेतले, तेव्हा जगभरच्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालते संकेतस्थळ तयार करण्याचे काम, धडाधड कोसळू लागले आणि दोन-अडीच तासांनी एनपीएमला ते पुन्हा जागेवर ठेवावे लागले. हे पॅकेज करत काय होते, तर मजकुराच्या डाव्या बाजूला हव्या तितक्या रिकाम्या जागा किंवा शून्ये भरत होते. पुढल्याच वर्षी ही सोय जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेतच अंगभूत झाली. त्यामुळे बाहेरून आणण्याची सवय मोडली असेल असे आपल्याला वाटत असल्यास या क्षेत्राशी आपला परिचय अजून कच्चा आहे.

अपडेट आले की तत्क्षणी घ्यावे, हा नियम तर प्राणपणाने पाळावा. ८ सप्टेंबर २०२५ रोजी 'चॉक' आणि 'डीबग' यांसारख्या अठरा लोकप्रिय पॅकेजांच्या ताज्या आवृत्त्या एनपीएमवर आल्या आणि त्यांच्यात क्रिप्टो चलनाचे व्यवहार परस्पर चोराच्या खात्याकडे वळवणारा कोड होता. सुमारे दोन तासांत त्या हटवण्यास सुरुवात झाली, म्हणजे हा प्रसाद केवळ तत्पर मंडळींच्याच वाट्याला आला. लॉक फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती वापरायची याच्या नोंदीत, आवृत्ती बांधून स्वस्थ बसलेले आळशी लोक त्याला मुकले. चोराने दार कसे उघडले, हेही मनन करण्याजोगे आहे. पॅकेजे सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने एक बनावट ईमेल आला होता आणि त्यात आपली द्विस्तरीय सुरक्षा अद्ययावत करून घेण्याची विनंती होती. इतकी वर्षे 'अपडेट करा' हे शब्द दिसताच बटण दाबण्याचे शिक्षण आपण सर्वांनी एकमेकांना दिले आहे. ते असे कधीतरी फळाला येणारच.

डिझायनर मंडळींनी वरील मजकूर वाचून हायसे वाटून घेऊ नये, कारण त्यांच्यासाठीही अशाच सोयी आहेत. अ‍ॅडोबीने फ्लॅश या संकेतस्थळांवर हलती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या साधनाचा शेवट २०१७ मध्ये जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालवणेच बंद केले. साडेतीन वर्षांची आगाऊ सूचना मिळूनही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्येच राहिले होते, आणि त्या खात्याने यावर काढलेला तोडगा आपण चौकटीत लावून ठेवावा असा आहे: त्याने अर्ज बदलण्याऐवजी फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझर लोकांना दिला. त्यानंतर अ‍ॅडोबी एक्सडी हे पडद्यांची रचना आखण्याचे साधन शिकलेल्यांच्या नशिबी केवळ डागडुजी आली, आणि त्याच पठडीतले इनव्हिजन तर २०२४ च्या अखेरीस बंदच झाले. फिग्मा या तशाच साधनाच्या कंपनीला अ‍ॅडोबी २० अब्ज डॉलर देऊन विकत घेणार होती, तो सौदा डिसेंबर २०२३ मध्ये मोडला, म्हणून सध्या फिग्मा शिकायला हरकत नाही. मात्र आपल्या फाइली तिथे कायमच्या सुरक्षित आहेत असे समजण्याइतके भाबडे राहू नये.

आता हालचालींकडे वळू, कारण संकेतस्थळ परस्परसंवादी आहे हे पाहुण्याला कळायचे तर त्याला हवी असलेली माहिती त्याच्यापासून थोडी पळत राहिली पाहिजे. शीर्षकातील प्रत्येक अक्षर सुटे करून एकामागून एक वरून टपकवणे ही सध्याची मान्यताप्राप्त कारागिरी आहे. मराठी संकेतस्थळावर तिला विशेष बहर येतो. 'स्त्री' हा शब्द बेफिकीर कोडच्या हाती दिला की त्याचे स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे पडतात, आणि ती निराधार वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून पडद्यावर उतरते. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे होतात. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवून वरून कातर लावली की 'मार्की'मधला रफार वेलांटीसकट छाटला जातो. जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकाने २०२३ मध्ये केला आहे, अक्षरसमूह ओळखून तोडण्याची अंगभूत सोय एप्रिल २०२४ पासून फायरफॉक्समध्येही आली आहे. परंतु तिच्यासाठी कोणतेही पॅकेज आणावे लागत नसल्यामुळे ती कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि पडूही नये. हलत्या पडद्याने ज्यांना भोवळ येते, असे काही लोक आपल्या फोनला 'हालचाल कमी ठेव' असे सांगून ठेवतात, आणि ती इच्छा पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या दोन-तीन ओळींत वाचता येते. त्या ओळी लिहिण्याचे काम पुढच्या टप्प्यात ढकलावे. पुढचा टप्पा येत नाही, हे जाणत्यांना सांगायला नको.

एका धोक्याविषयी मात्र सावध करणे भाग आहे. या सर्व धामधुमीच्या तळाशी असलेला वेब स्वतः अत्यंत हेकट आहे. तो काही केल्या मोडत नाही. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये 'फ्लॅटन' नावाची नवी सोय आणण्याचे घाटत होते, तेव्हा मूटूल्स या कालबाह्य लायब्ररीवरची काही जुनी संकेतस्थळे तिच्यामुळे बिघडतील असे दिसून आले. भाषा ठरवणाऱ्यांनी त्या जुन्या संकेतस्थळांना खुशाल मरू द्यावे, अशीच आपली अपेक्षा असणार. त्यांनी उलट नव्या सोयीचेच नाव बदलून 'फ्लॅट' केले. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतले १९९१ चे पहिले संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही उघडते आणि कोणतीही बिल्ड प्रक्रिया मागत नाही. सरकती ओळ दाखवणारा मार्की हा टॅग मानकाने कालबाह्य ठरवल्याला कित्येक वर्षे लोटली, तरी आपल्याकडच्या अनेक सरकारी संकेतस्थळांवर निविदा सूचना त्याच्याच खांद्यावरून अखंड वाहत आहेत. साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली पाने अशी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणूनच त्यांच्यापासून चार हात दूर राहावे.

याचा व्यवहारातला उपयोग आपल्याला पहिल्या जुन्या ग्राहकाच्या फोनवरून कळेल. समजा, दोन वर्षांपूर्वी आपण ज्या दंतवैद्यांचे संकेतस्थळ केले, त्यांनी सोमवारची सुट्टी आता बुधवारी ठेवली आहे आणि तेवढी एक ओळ बदलून हवी आहे. लगेच होकार देऊ नये. प्रकल्प उघडावा, नोड या बिल्ड चालवणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नाही म्हणून नवी घ्यावी, तिच्यावर जुने बिल्ड साधन चालत नाही म्हणून ते बदलावे, नव्या साधनाला जुना अ‍ॅनिमेशनचा प्लगइन ओळखता येत नाही म्हणून मुखपृष्ठ नव्याने बांधावे लागेल असा निष्कर्ष काढावा, आणि तीन आठवड्यांचे अंदाजपत्रक शांत आवाजात सादर करावे. डॉक्टरांनी दरम्यान दवाखान्याच्या दारावर खडूने 'बुधवार बंद' असे लिहिले, तर त्यांच्या पाटीला लहानमोठ्या पडद्यांशी जुळवून घेणारी रिस्पॉन्सिव्ह आवृत्ती नाही हे त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे.