सुसी सोराबजी कुणाच्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्यात सेंट हेलेनाज शाळा उभी करणाऱ्या सुसी सोराबजींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे वेगळं लिहितो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: या बाईंना शीर्षकात 'पारशी शिक्षिका' म्हणणं चूक, कारण बाप धर्म सोडून गेलेला आणि आई मुळात पारशी नव्हेच. शाळा मिशनरी वळणाची, म्हणजे हेतू बाटवण्याचा. पुण्याच्या लष्कर भागातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, इंग्रजी शाळेचा साक्षरतेशी संबंध नाही, ते काम पेठांमध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी केलं. आणि जाता जाता एक टोला, की हे घराणंच इंग्रजधार्जिणं. बहीण कॉर्नेलिया गांधीजींच्या विरोधात आणि अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयोच्या बाजूने.

टोल्याचं आधी आटपतो. कॉर्नेलियाबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. हिंदुस्थानी समाजावर झोड उठवणाऱ्या मेयोबाईंच्या 'मदर इंडिया' या १९२७ च्या पुस्तकावरून देशभर संताप उसळला असताना तिने त्यांची बाजू घेतली आणि त्याची किंमतही मोजली. पण कॉर्नेलियाचं राजकारण सुसीच्या हजेरीपटाला कशाला चिकटवायचं? टिळक-आगरकर एकाच कॉलेजातून बाहेर पडले, एकाच शाळेत उभे राहिले, पुढे एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. बहिणींनाही तेवढी मुभा असू द्या.

आता पारशीपणाचं.

तुम्ही म्हणता बाप धर्म सोडून गेला, म्हणजे विषय संपला. तो तिथे संपत नाही, सुरू होतो. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा काय गहजब झाला हे तुम्हाला ठाऊक असेल. प्रकरण कोर्टात गेलं आणि आईबापांनी पोरं शाळेतून धडाधड काढून घेतली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सुसीचे वडील सोराबजी खरसेटजी त्याच वाटेने गेले. घर तुटलं, जात तुटली. पुढे त्यांनी फ्रान्सिनाशी लग्न केलं. ती दक्षिणेतल्या हिंदू घरात जन्मलेली आणि फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने वाढवलेली. म्हणजे पारशांच्या लेखी हे घर बाटलेलं, हिंदूंच्या लेखी तर कधी आपलं नव्हतंच, आणि इंग्रजांच्या लेखी काहीही झालं तरी नेटिव्ह.

तरीही या घरातल्या मुलींनी पारशीपण टाकलं नाही. साडी पारशी पद्धतीची, वडिलांकडच्या वंशाचा अभिमान पुरेपूर. सुसी १९३१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी कॉर्नेलियाने तिचं चरित्र लिहिलं आणि मुखपृष्ठावर तिची ओळख 'पश्चिम हिंदुस्थानातली ख्रिस्ती-पारशी शिक्षणतज्ज्ञ' अशी छापली. दोन्ही शब्द जोडून. मी शीर्षकात त्यातला एक घेतला, दुसरा लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. लपवाछपवी कुठेच नाही.

आणि पारशी कुणाला म्हणायचं हे तुम्ही एका वाक्यात ठरवलंत, ते मुंबई हायकोर्टाला तितकं सोपं गेलं नव्हतं. रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नी सुझान, म्हणजे जे. आर. डीं.च्या आई, यांनी जरथुष्ट्री धर्म स्वीकारला. त्यांना पारशी पंचायतीच्या संस्थांवर हक्क आहे का, या प्रश्नावरून मोठा खटला झाला. १९०८ मध्ये न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी निकाल दिला. बाहेरून धर्मात आलेल्यांना तो हक्क नाही. पण बाप पारशी आणि आई परकी असेल, आणि मुलाची रीतसर नवजोत, म्हणजे धर्मात घेण्याचा विधी, झाली असेल, तर ते मूल पारशी. या मापाने सुसीला मोजा. बापाकडचं रक्त आहे, नवजोत नाही. म्हणजे पंचायतीच्या फंडातून तिला दमडी मिळाली नसती, हे कबूल. पण मी काही पंचायतीचा ट्रस्टी नाही. ती स्वतःला काय म्हणवत होती आणि बहिणीने तिची ओळख कशी छापली, एवढं मला शीर्षकापुरतं बास आहे.

मिशनरी हेतूचा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्याला बगल देणार नाही. वडील सोराबजी स्वतः धर्मोपदेशक होते आणि चर्च मिशनरी सोसायटीसाठी नाशिक, बेळगाव, पुणे असे फिरत होते. कॉर्नेलियाचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. (त्या काळी नाशिकजवळच्या शरणपुरात मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली होती. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांतला जेकब वेनराइट तिथलाच. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलेल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.) अशा घरात वाढलेल्या सुसीला येशूचं नाव मुलांच्या कानावर घालायचं नव्हतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. तिला ते घालायचंच होतं. पुणेकरांचा संशयही हवेतला नव्हता. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणावर चालल्या आहेत असं दिसताच रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही पंडिता रमाबाईंच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं.

पण मग हाच गज सगळ्यांना लावा. जोतिराव पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला तो नगरला मिस फरार यांची शाळा पाहून. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झालं. यांपैकी एकीलाही बाटवण्याचा हेतू नव्हता असं तुम्ही म्हणणार आहात का? तिथे आपण हेतू बाजूला ठेवतो आणि निष्पन्न काय झालं ते पाहतो. सुसीच्या वाट्याला वेगळा न्याय का?

निष्पन्न पाहायचं तर आधी तिच्या आईची शाळा पाहावी लागते, कारण सुसी घडली ती तिथे आणि पुढे तेच काम तिने उचललं. १८७६ मध्ये फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. सुरुवात राहत्या घरातच झाली. त्या वर्गात कोण बसत होतं? युरोपियन मुलं, पारशी, हिंदू, मुसलमान. मुलगे आणि मुली. एकाच छपराखाली, एकाच बाईंसमोर.

हे आज वाचताना विशेष वाटत नाही. म्हणून त्या वेळच्या इतर चांगल्या शाळा शेजारी ठेवून बघा. २२ ऑक्टोबर १८४९ ला दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. काम मोठंच. तरुण पोरं पदरमोड करून, फुकट शिकवत होती. पण पारशी मुलींच्या शाळा वेगळ्या, गुजरातीच्या. मराठी मुलींच्या वेगळ्या. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून निघालेली संस्था पारशी मुलांसाठीच होती. पुण्यात हुजूरपागा १८८४ ची, फक्त मुलींची. तीही पुढे तीनच वर्षांत 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकातून टिळकांच्या टीकेची धनी झाली, की मुलींना हे असलं काय शिकवता. जो तो आपापल्या समाजाच्या मुलींसाठी झटत होता आणि त्यात गैर काहीच नव्हतं. ज्याला समाज आहे तो आधी त्याचाच विचार करणार.

सोराबजींना असा समाजच नव्हता. माझ्या लेखाचा गाभा हाच होता आणि तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठे आला नाही, म्हणून पुन्हा लिहितो. ज्या घराला कुणी आपलं म्हणेना, त्या घराला 'आपल्या' मुलांची शाळा काढायची सोयच नव्हती. काढायची तर सगळ्यांची. ते पारशी नाहीत, हिंदू नाहीत, इंग्रजही नाहीत म्हणून तुम्ही त्यांच्या नावावर काट मारता. मला वाटतं, त्या तीन नकारांतूनच व्हिक्टोरिया हायस्कूलचा तो मिश्र वर्ग निघाला.

मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, ही आगरकरांची भूमिका आपण शाळेत शिकलो. ती 'सुधारक'मधली, आणि 'सुधारक' निघाला १८८८ मध्ये. त्याच्या बारा वर्षं आधी त्याच शहरात एक बाई ते रोज सकाळी करत होती. तिने त्यावर अग्रलेख लिहिला नाही एवढंच. गंमत अशी की सुसीने उभी केलेली सेंट हेलेनाज शाळा आज ज्या वस्तीत आहे तिचं नाव आगरकरनगर.

लष्करातल्या इंग्रजी शाळेचा साक्षरतेशी काय संबंध, हा तुमचा प्रश्न खरं तर जोतिरावांचा. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी तेच मांडलं होतं, की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो आणि प्राथमिक शिक्षण कोरडं राहतं. त्यांचं बरोबरच होतं. पण सोराबजींच्या खात्यात फक्त इंग्रजी शाळा मांडू नका. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यातच मराठी आणि उर्दूच्या शाळाही चालवल्या. व्हिक्टोरियाचं नाव मोठं झालं, त्या मागे पडल्या, आणि आपणही लिहिताना त्या गाळतो. १८८६ मध्ये त्या इंग्लंडभर भाषणं देत फिरल्या ते शाळांसाठी पैसा उभा करायलाच. सुसीने पुढे तेच अमेरिकेत केलं. परक्या मुलखात व्यासपीठावर उभं राहून पुण्यातल्या पोरींसाठी पदर पसरायचा, हे काम कुठल्याही काळात सोपं नाही. अनुदानाच्या फायलीमागे वर्षानुवर्षं फिरणाऱ्या कुठल्याही मुख्याध्यापिकेला विचारा.

साक्षरतेबद्दल एक प्रसंग लेखात जागेअभावी राहिला होता, तो इथे देतो. कॉर्नेलियाने तो आपल्या आठवणींत सांगितलाय. ती लहान असताना एक श्रीमंत गुजराती विधवा तिच्या आईकडे आली. पडद्यातली बाई. घरच्या कारभाऱ्याने तिच्याकडून कागदावर सही करून घेतली होती. कागदात काय आहे हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही, कारण कारभारी विश्वासातला. मालमत्ता हातची गेली. आता काय करावं हे विचारायला ती आली होती, आणि काही करण्यासारखं उरलं नव्हतं. ती गेल्यावर फ्रान्सिनाबाईंनी पोरीला सांगितलं, की अशा बायकांच्या उपयोगी पडायचं तर कायदा शिक.

पोरगी कायदा शिकली. डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. नोकरी केली ती वारसाहक्काच्या आणि पालकत्वाच्या कज्ज्यांत अडकलेल्या पडद्यातल्या बायकांसाठीच. नाव तिचंच झालं. सुसीने त्याच गोष्टीचं दुसरं टोक धरलं. कज्जा उभा राहण्याआधी, बाई कागद वाचू शकेल इतपत तिला तयार करणं. या टोकाला खटले नसतात, निकाल नसतात, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. वर्गात पोरी येतात, शिकतात, लग्न होऊन जातात. म्हणून कॉर्नेलियावर इतकं लिहिलं गेलं आणि सुसीवर लिहायला अखेर कॉर्नेलियालाच बसावं लागलं. घरातल्या दुसऱ्या एका बहिणीने, ॲलिसने, डॉक्टरकी केली आणि थेट वायव्य सरहद्दीवर बन्नूला जाऊन राहिली. तीही गोष्ट मोठी आहे, पण इथे नको.

सावित्रीबाईंचं नाव घेऊन सुसीला खाली बसवण्यामागची कळकळ मला समजते. पेठेत शेण-चिखल अंगावर झेलत शिकवणं आणि कॅम्पात शिकवणं एक नव्हे. मी दोघींना एका पाटावर बसवलेलंही नाही. पण पुण्याच्या शिक्षणाचा इतिहास आपण पेठांपुरता लिहितो आणि पेठांबाहेरचा, कॅम्पातला, स्टेशनाकडचा भाग 'त्यांचा' म्हणून सोडून देतो, हे मला खटकतं. त्या भागात पारशी होते, बेने इस्रायली ज्यू होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, दखनी मुसलमान होते. त्यांची पोरंही याच शहरात अक्षरं गिरवत होती.

तेव्हा शीर्षक आहे तसंच राहील. तुमची प्रतिक्रियाही तशीच राहील, काढणार नाही.

एक विनंती. तुमच्या आत्या १९५० च्या सुमारास सेंट हेलेनाजमध्ये होत्या असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्यांच्या वर्गात कोण कोण होतं, प्रार्थना कुठली म्हणत, मराठी विषयाला बाई कोण होत्या, हे त्यांना आठवत असेल तर विचाराल का? जुनं प्रगतिपुस्तक किंवा वर्गाचा फोटो असेल तर अधिकच उत्तम. त्यातून माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध काही निघालं तरी ते इथे छापेन.