रडणाऱ्या लेकराला जोकरच्या मांडीवर बसवू नका

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जोकरची भीती हे परदेशी सिनेमांनी आणलेलं खूळ आहे, सर्कशीच्या या मातीत कुणी जोकरला भीत नव्हतं. आताची पोरं लाडावलीत. रडलं तर धरून जोकरच्या मांडीवर बसवा, सवय झाली की भीती जाते.

मी 17 वर्षं वाढदिवसांना, गणेशोत्सवात, शाळांच्या स्नेहसंमेलनात विदूषकाचं काम करतो. चार ओळखीच्यांनी मला हा मेसेज कौतुकाने पाठवला, म्हणून उत्तर देतोय.

मातीचा अभिमान मलाही आहे. भारतीय सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे आपल्या अंकलखोपचे. 1880 मध्ये त्यांची ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. म्हैसाळच्या देवलांची सर्कसही इथलीच. पण तंबूत जोकर लांब रिंगणात असायचा आणि लेकरू आजोबांच्या मांडीवर. आज हॉलमध्ये तोच रंगवलेला चेहरा लेकराच्या नाकासमोर वीतभर अंतरावर येतो. आणि रंगवलेल्या तोंडाची भीती आपल्याला नवी कुठे आहे? हळदी-कुंकवाने माखलेला पोतराज आसूड फोडत दारात आला की मी आजीच्या पदराआड लपायचो. तेव्हा आमच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता.

लाडावलेल्या पोरांचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 64 देशांतल्या 987 जणांना याबद्दल विचारलं. सगळे 18 वर्षांवरचे. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी थोडीफार तरी भीती वाटते असं सांगितलं, आणि 5 टक्क्यांनी फार भीती वाटते असं सांगितलं.

याच संशोधकांनी कारणंही शोधली. सिनेमाचा वाटा त्यांनाही दिसला, तेवढं मेसेजचं खरं. पण सगळ्यात पुढे होतं ते दुसरंच कारण: रंगाखालच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. हे मी रोज आरशात बघतो. तोंडावर कानापर्यंत लाल हसू काढलं की मी दमलेला असो, चिडलेला असो, ते हसू तसंच राहतं. लेकरू माणसाला ओळखतं ते भुवईवरून, ओठांच्या कोपऱ्यावरून, आणि नेमकं तेच आम्ही झाकून टाकतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचा चेहरा उघडा असतो. त्याचं हसणं-रुसणं शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.

आता मांडीवर बसवण्याचं. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, आणि तो मी स्वतः पाळलेला आहे. एका वाढदिवसाला तीन वर्षांची मुलगी मागे सरत होती. वडील म्हणाले, ‘घ्या हो, फोटोपुरतं.’ मी हात पुढे केले आणि घेतली. ती इतकी किंचाळली की तिला उलटी झाली. उरलेला वेळ ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून होती, केक कापायलाही आली नाही. तिचाच वाढदिवस होता तो.

सवयीने भीती कमी होते, हे मानसोपचारातही खरं आहे. पण ती पायरीपायरीने, आणि थांबायचं कधी हे घाबरणाऱ्याच्या हाती ठेवून. धरून बसवण्यात दोन्ही नसतं. उलट, सुटका करायला आई-वडीलही येत नाहीत, एवढं मात्र लेकराला कळतं.

मग विश्वास मिळवायचा कसा? 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यांच्या नाटकांत विदूषक नाचत यायचा तेव्हा रंगमंचावर सूत्रधार आधीच उभा असायचा. तो विदूषकाशी बोलायचा, त्याची विचारपूस करायचा. म्हणजे प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला माणूस नव्या माणसाची ओळख करून द्यायचा. वाढदिवसाला माझा सूत्रधार म्हणजे आई नाही तर आजी. मी बिनरंगाचा जातो, आधी त्यांच्याशी गप्पा मारतो, लेकराला ते बघू देतो. मग पोरांसमोरच जमिनीवर बसून रंग लावतो, तोही गालावर दोन ठिपके आणि नाक, बस्स. भुवया आणि ओठ मोकळे. नाक बसवायचं काम पोरांकडे. जे मूल लांब उभं असेल त्याच्याकडे मी जात नाही, टक लावून बघतही नाही.

दवाखान्यांतले विदूषकही खोलीत शिरण्याआधी विचारतात, आणि नको म्हटलं तर परत जातात. 2020 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 24 अभ्यासांचा, 1,612 मुलांचा आढावा आला. विदूषक भेटलेल्या आजारी मुलांची धास्ती पुष्कळ अभ्यासांत कमी झालेली दिसली. म्हणजे आमच्या धंद्याचं वैर मुलांशी नाही.

आता मी सुपारी घेतानाच पालकांना सांगतो, मूल नको म्हणालं तर फोटो होणार नाही. काहींनी त्यावरून दुसरा माणूस बोलावला. गेल्या महिन्यात विश्रामबागेत एक मुलगा पूर्ण दीड तास दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मी नाक काढून पिशवीत ठेवलं, चप्पल घालायला लागलो, तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, ‘काका, मला लावून बघू?’